मांडव उतरला, खड्डे राहिले

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



गणपती उठले, की दुसऱ्या दिवसापासून मांडव उतरायला लागतात. कापड सुटते, बांबू सुटतात, टेम्पो भरून निघून जातो आणि रस्ता मोकळा झाला असे सगळ्यांना वाटते. पण रात्री दुचाकीवरून जाणाऱ्याला कळते, की मांडव गेला तरी बांबू रोवायला केलेले खड्डे जागच्या जागी आहेत. उतरवणे हे एक काम आणि जागा पूर्ववत करणे हे दुसरे काम. पहिले डोळ्यांना दिसते म्हणून होते, दुसरे दिसत नाही म्हणून राहून जाते. संकेतस्थळांच्या जगातही हा प्रकार रोज घडतो. तिथे राहिलेले खड्डे कोणते, त्यांत कोण पडते आणि ते कसे बुजवायचे, याविषयी आज बोलायचे आहे.

आता संकेतस्थळ ही काही मोठ्या कंपन्यांचीच मिरास राहिलेली नाही. तालुक्याच्या गावातले सार्वजनिक वाचनालय, शाळा, नाट्यसंस्था, लोणची-पापड विकणारा बचत गट, अशा अनेकांची आज स्वतःची संकेतस्थळे आहेत. यांपैकी पुष्कळशी वर्डप्रेस नावाच्या मोफत प्रणालीवर चालतात. अमेरिकेतला मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल या दोघांनी तिची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, तिच्यात प्लगइनची सोय आली. प्लगइन म्हणजे जोडकाम. मूळ घर तेच, पण कोणी त्याला पडवी जोडतो, कोणी माळा काढतो, तसेच हे. चौकशीचा अर्ज हवा, एक प्लगइन. छायाचित्रांची सरकती पट्टी हवी, दुसरे. पाने भराभर उघडायला हवीत, तिसरे. चोरट्यांपासून राखण हवी, चौथे. २०२१ मध्ये एका नावाजलेल्या पाहणीनुसार जगातल्या संकेतस्थळांपैकी वर्डप्रेसवरच्या संकेतस्थळांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे गेले. या यशात या जोडकामांचा वाटा फार मोठा आहे.

जोडणे सोपे आहे, एक बटण दाबले की झाले. काढतानाही एक बटण असते, म्हणून काढणेही तितकेच सोपे असेल असे आपण धरून चालतो. गफलत होते ती इथे.

काढण्याचे तीन प्रकार आहेत आणि ते एकमेकांहून वेगळे आहेत. पहिला, डिॲक्टिव्हेट करणे. म्हणजे दिव्याचे बटण बंद करणे. दिवाही जागेवर, तारही जागेवर. दुसरा, संकेतस्थळाच्या व्यवस्थापन-पानावरून डिलीट करणे. यात प्लगइनच्या फाइली पुसल्या जातात. पण त्याआधी वर्डप्रेस त्या प्लगइनला विचारते, 'जाताना तुला काही आवरायचे आहे का?' आवराआवरीची ही सोय २००८ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या २.७ या आवृत्तीपासून आहे. मात्र काय आवरायचे हे वर्डप्रेस ठरवत नाही, प्लगइन लिहिणारा ठरवतो. त्याने काहीच लिहून ठेवले नसेल, तर काहीच आवरले जात नाही. तिसरा प्रकार म्हणजे थेट सर्व्हरवर जाऊन प्लगइनचा फोल्डरच उडवणे. इथे विचारणाच होत नाही. भाडेकरूला न सांगता त्याचे सामान रस्त्यावर काढावे, पण वीजमीटर त्याच्याच नावावर राहावा, असा हा प्रकार. ज्यांनी काळजीपूर्वक आवराआवर लिहून ठेवली आहे, त्यांचीही ती वाया जाते.

मग प्लगइन लिहिणारे सगळे बेफिकीर आहेत का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. माहिती मागे ठेवण्यामागे बहुधा विचार असतो. काही बिघडले, की लोक प्लगइन काढून पुन्हा घालून पाहतात. तेवढ्यात वर्षभराची माहिती पुसली गेली तर? वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकान चालवण्याचे प्लगइन घ्या. ते काढले तरी ग्राहकांच्या मागण्यांची नोंद जात नाही. ती खरोखरच पुसायची असेल, तर संकेतस्थळाच्या मुख्य मांडणी-फाइलीत तसा स्पष्ट आदेश लिहावा लागतो आणि मगच प्लगइन डिलीट करावे लागते. दुकानाची खतावणी एका बटणासरशी जळू नये, ही त्यामागची दृष्टी. ती योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा, की ठेवायचे काय आणि पुसायचे काय, हा निर्णय शेवटी संकेतस्थळाच्या मालकाचा आहे. तो त्याने घेतला नाही, तर सगळेच राहते.

आता राहते म्हणजे कुठे राहते? समजुतीसाठी आपण एक वाचनालय कल्पू. त्याच्या संकेतस्थळावर सभासद होण्यासाठी अर्ज होता. अर्जात नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ओळखपत्राचे छायाचित्र मागितले होते. मुखपृष्ठावर नव्या पुस्तकांची सरकती पट्टी होती. वेगासाठी एक प्लगइन होते, राखणीसाठी एक. नव्या कार्यकारिणीने ठरवले, की हे चारही काढून साधेसुटसुटीत करू. एका संध्याकाळी चारही काढले. आता काय काय मागे राहू शकते ते पाहू.

पहिली जागा माहितीसाठ्याची, म्हणजे डेटाबेसची. वर्डप्रेसचे स्वतःचे १२ तक्ते असतात. काही प्लगइन आपले वेगळे तक्ते त्यात घालतात, काही याच तक्त्यांत आपल्या ओळी लिहितात. वाचनालयाच्या सभासदांची नावे अशा एखाद्या तक्त्यात पडून राहतात. व्यवस्थापन-पानावर ती दिसत नाहीत, कारण दाखवणारे प्लगइनच गेले. खोलीचे दार भिंतीने बुजवले, पण आतले सामान तसेच आहे.

दुसरी जागा फाइलींची. अर्जासोबत आलेली ओळखपत्रांची छायाचित्रे बहुधा अपलोड्स नावाच्या फोल्डरात साठतात. हा फोल्डर प्लगइनच्या फोल्डराबाहेर असतो, म्हणून प्लगइन गेले तरी तो हलत नाही. आणि हा फोल्डर मुळात लोकांना चित्रे दाखवण्यासाठीच असल्यामुळे, खास बंदोबस्त केलेला नसेल तर नेमका पत्ता ठाऊक असणारा कोणीही त्यातली फाइल उघडू शकतो. पुष्कळदा हा बंदोबस्त प्लगइनच करत असते. म्हणजे राखणदार गेला आणि ऐवज उघड्यावर, अशी स्थिती.

तिसरी जागा मजकुराची. सरकती पट्टी दाखवण्यासाठी पानात चौकटी कंसात एक छोटा संकेत लिहिलेला असतो, त्याला शॉर्टकोड म्हणतात. प्लगइन असते तोवर त्या जागी चित्रे दिसतात. ते गेले, की तो कंस आणि त्यातला अगम्य शब्द वाचकाला जसाच्या तसा दिसू लागतो. शंभर पानांत तो वापरला असेल, तर शंभर पानांवर ही ठिगळे.

चौथी जागा मांडणीच्या फाइलींची, आणि सर्वांत धोक्याची हीच. वेगाची प्लगइने आपल्या फोल्डराबाहेर एक-दोन फाइली ठेवतात, ज्या प्लगइन बंद असले तरी वर्डप्रेस वाचतेच. त्या फाइली गेलेल्या प्लगइनला हाक मारत राहिल्या, तर चूक उद्भवते. राखणीची काही प्लगइने तर सर्व्हरला अशी सूचना देऊन ठेवतात, की कोणतेही पान उघडण्याआधी माझी अमुक फाइल वाच. फोल्डरासोबत ती फाइल उडवली आणि सूचना तशीच राहिली, तर सर्व्हर दारातच अडतो आणि एकही पान उघडत नाही.

याखेरीज किरकोळ अवशेष पुष्कळ. ठरलेल्या वेळी करायच्या कामांच्या यादीत जुनी नावे राहतात. प्लगइनने 'दर पाच मिनिटांनी' असा स्वतःचा वायदा ठरवला असेल, तर आता तो वायदाच वर्डप्रेसला ओळखता येत नाही आणि चुकांच्या नोंदवहीत पुन्हा पुन्हा तीच तक्रार उमटते. प्लगइनने निर्माण केलेली अधिकारपदे वापरकर्त्यांच्या नावापुढे चिकटून राहतात. आणि बाहेरच्या एखाद्या सेवेशी जोडणारी गुप्त किल्लीही डेटाबेसात पडून असते.

आता उपाय. ते मी दोन भागांत सांगतो. प्लगइन अजून काढलेले नसेल तर काय करावे, आणि काढून झाले असून घोटाळा झाला असेल तर काय करावे.

अजून काढले नसेल तर प्रथम संपूर्ण प्रत काढून ठेवा, फाइलींचीही आणि डेटाबेसचीही. दोन्ही हव्यात, एकीवाचून दुसरी लंगडी. मराठी संकेतस्थळ असेल तर ही प्रत एकदा दुसऱ्या जागी उतरवून पाहाच, कारण अक्षरसंचाची निवड चुकली तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात आणि हे नेमके अडचणीच्या दिवशी कळते. त्यानंतर प्लगइनच्या सेटिंगमध्ये 'काढताना माहितीही पुसावी' अशा अर्थाचा पर्याय आहे का, ते शोधा. अनेक प्लगइनांत तो असतो, पण बंद ठेवलेला. ठेवण्याजोगी माहिती आधी बाहेर काढून घ्या. मग तो पर्याय चालू करा. त्यानंतर प्लगइन आधी फक्त डिॲक्टिव्हेट करा आणि दोन-चार दिवस संकेतस्थळावर नजर ठेवा. वेगाचे आणि राखणीचे प्लगइन असेल, तर त्याने दिलेली स्वतःची मागे घेण्याची कृती, म्हणजे साठवलेली पाने रिकामी करणे किंवा राखणभिंत उतरवणे, ही आधी पार पाडा. सगळे ठीक दिसले, की व्यवस्थापन-पानावरूनच डिलीट करा. आणि एका वेळी एकच प्लगइन काढा. चार एकदम काढली, तर बिघाड कोणामुळे झाला हे शोधणे कठीण होऊन बसते.

आता दुसरा भाग. काढून झाले आहे आणि अवशेष राहिले आहेत. इथे एक साधी युक्ती पुष्कळदा उपयोगी पडते. तेच प्लगइन पुन्हा घाला. मागे राहिलेली माहिती त्याला बहुधा सापडते. मग माहिती पुसण्याचा पर्याय चालू करून रीतसर डिलीट करा. ज्याने पसारा मांडला, त्याला बोलावून त्याच्याकडूनच आवरून घेतल्यासारखे हे आहे. डेटाबेसात हात घालण्यापेक्षा हा मार्ग कधीही बरा.

संकेतस्थळच उघडत नसेल, तर आधी तक्रारीचे स्वरूप पाहा. २०१९ च्या मे महिन्यात आलेल्या ५.२ या आवृत्तीपासून वर्डप्रेस गंभीर चूक झाल्यास व्यवस्थापकाच्या ई-मेलवर पत्र पाठवते आणि त्यातल्या दुव्यावरून दुरुस्तीसाठी आत जाता येते. पण इथे आपल्याकडची एक नेहमीची अडचण आहे. तो ई-मेल कोणाचा? संकेतस्थळ करून देणारा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला असतो आणि पत्र त्याच्या जुन्या पेटीत पडत असते. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढे जरी तपासलेत, की व्यवस्थापक म्हणून नोंदलेला पत्ता संस्थेचा आहे की व्यक्तीचा, तरी या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.

मघाशी सांगितलेल्या राखणीच्या प्लगइनच्या बाबतीत मात्र हे पत्रही येत नाही, कारण सर्व्हर वर्डप्रेस जागे होण्याआधीच अडलेला असतो. तिथे होस्टिंग कंपनीने दिलेल्या फाइल-व्यवस्थापकातून आत जाऊन ती उरलेली सूचना शोधावी लागते. ती बहुधा संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरातल्या टिंबाने सुरू होणाऱ्या एखाद्या फाइलीत असते. अशा फाइली एरवी लपलेल्या असतात, त्या दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागतो. ओळ काढल्यावर लगेच फरक दिसला नाही तर घाबरू नका. अशी एक फाइल सर्व्हर साधारणपणे पाच मिनिटांनी एकदाच नव्याने वाचतो. अशा घाईत लोक आणखी चार गोष्टी बदलतात आणि गुंता वाढवतात.

पानांवर उरलेल्या शॉर्टकोडसाठी दोन मार्ग आहेत. व्यवस्थापन-पानावरच्या शोधात तो कंसातला शब्द घालून पाने शोधायची आणि एकेक साफ करायची, हा पक्का मार्ग. पाने फार असतील, तर तंत्रज्ञाकडून त्या शॉर्टकोडचा अर्थ 'काहीही दाखवू नये' असा नोंदवून घ्यायचा, हा तात्पुरता मार्ग. काही पत्ते उघडत नसतील, तर पर्मालिंकच्या सेटिंगमध्ये जाऊन काहीही न बदलता फक्त सेव्ह करावे. पत्त्यांचे नियम नव्याने लिहिले जातात आणि काही अडचणी तेवढ्यानेच सुटतात. मात्र ती पाने गेलेल्या प्लगइननेच निर्माण केलेल्या प्रकारची असतील, तर ती अशी परत येणार नाहीत. त्यांचा मजकूर डेटाबेसात आहे, तो आधी वाचवायला हवा.

डेटाबेसात हात घालायचाच असेल, तर तीन पथ्ये पाळावीत. पहिले, नावावरून अंदाज बांधून तक्ता पुसू नये. ॲक्शन शेड्यूलर नावाच्या सोयीचे तक्ते वूकॉमर्सही वापरते आणि इतर काही प्लगइनेही. एक गेले म्हणून ते तक्ते उडवले, तर दुसऱ्याची कामे बंद पडतात. दुसरे, सेटिंगच्या मजकुरात हाताने शब्द बदलू नयेत. तिथे अनेकदा प्रत्येक शब्दाआधी त्याची लांबी लिहिलेली असते, आणि ती अक्षरांत नव्हे तर बाइटमध्ये मोजलेली असते. देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. 'मराठी' या शब्दात पाच चिन्हे, म्हणून त्याची लांबी १५. शब्द बदलला आणि आकडा तोच राहिला, की ते सेटिंग वाचताच येत नाही. तिसरे, साफसफाईसाठी आणखी एक प्लगइन घालणार असाल तर हरकत नाही, पण कोणती ओळ कोणाची हे तेही बरेचदा नावावरूनच ओळखते. त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये आणि काम झाले की तेही काढावे.

यावर कोणी विचारील, इतका खटाटोप कशाला? राहिल्या चार ओळी, तर काय बिघडले? प्रश्न रास्त आहे. सगळेच अवशेष त्रासदायक नसतात. डेटाबेसातल्या पाच-पन्नास निरुपद्रवी ओळींमुळे संकेतस्थळ मंदावत नाही. मंदावते ते प्रत्येक पान उघडताना आपोआप वाचल्या जाणाऱ्या सेटिंगमुळे. अशा मजकुराचा भार ८०० किलोबाइटच्या वर गेला, की २०२४ मध्ये आलेल्या ६.६ या आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःच प्रकृती-तपासणीच्या पानावर इशारा देते. तो इशारा नसेल, तर वेगाच्या नावाखाली फार खणत बसू नये.

पण वाचनालयाच्या त्या सभासदांचे काय? ज्या आजोबांनी आपल्या ओळखपत्राचे छायाचित्र विश्वासाने दिले, ते वाचनालयाला दिले. ते ज्या कामासाठी दिले, ते काम संपले. तरी ते सर्व्हरवर पडून आहे आणि ज्या कार्यकारिणीने ते राखायचे, तिला ते तिथे असल्याचेच ठाऊक नाही. ऐवज आहे हेच माहीत नसेल, तर चोरी झाल्याचे तरी कसे कळणार? आपल्या संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. त्यातले एक तत्त्व असे, की ज्या हेतूसाठी माहिती घेतली तो हेतू संपला, की दुसऱ्या एखाद्या कायद्याने ती जपायला सांगितले नसेल तर ती पुसली पाहिजे. कायदा नसता तरी सौजन्य हेच सांगते.

म्हणून क्रम लावायचा तर असा लावावा. आधी माणसांची माहिती, मग मोडलेली पाने, मग गुप्त किल्ल्या, आणि वेगाबिगाचा विचार सर्वांत शेवटी. माहिती पुसताना अपलोड्सचा फोल्डर विसरू नका, आणि जुन्या प्रतींतही तीच माहिती आहे हेही विसरू नका. त्या प्रती किती दिवस ठेवायच्या हे ठरवून टाका. किल्ल्यांच्या बाबतीत डेटाबेसातली ओळ पुसणे पुरेसे नाही. ज्या सेवेने ती किल्ली दिली, तिच्याकडे जाऊन ती रद्द करावी लागते.

आणि एक साधी वही ठेवा. कागदाचीच चालेल. कोणते प्लगइन कोणी, कधी, कशासाठी घातले, ते लोकांकडून कोणती माहिती घेते आणि ती कुठे ठेवते, एवढ्या रकान्यांची. पदाधिकारी बदलतात, संकेतस्थळ सांभाळणारी मुले बदलतात, वही मात्र कपाटात राहते. पुढच्या माणसाला काढताना काय काय आवरायचे हे तिच्यातून कळेल. नवे प्लगइन घालण्याची हौस आली, की बटण दाबण्याआधी या वहीत ओळ लिहायची, असा नियम केला तर निम्मी प्लगइने मुळात लागणारच नाहीत, असेही कदाचित तुमच्या लक्षात येईल.